घरातले दिवे आपोआप लावायचेत? मग आधी गेटचा दिवा बघा

प्रश्न असा आला होता: जुळे सोलापुरात आई-वडिलांचं वीसेक वर्षांपूर्वीचं दुमजली घर, मुलगा पुण्यात नोकरीला. वडील गेटचा दिवा लावायला विसरतात, लावला तर सकाळी दहा-अकरापर्यंत तो तसाच जळत असतो. आई रात्री दोन-तीनदा उठते ती अंधारात भिंत चाचपत जाते. जिन्यात पण तेच. हॉल आणि पोर्चचे दिवे मुलाला पुण्यातनं मोबाईलवर बघायचे, चालू-बंद करायचेत. एकानं येऊन पूर्ण घराचं ऑटोमेशन सव्वा लाखात करून देतो म्हणून सांगितलंय. एवढं लागतं का, आणि नेट बंद पडलं तर दिवे लागणार की नाही?

सव्वा लाख आधी बाजूला ठेवा. तुमचं काम दहा हजाराच्या आत बसतंय आणि त्यातलं सगळ्यात गरजेचं काम तर चारेकशे रुपयांत होतंय. मी बावीस वर्षं वायरिंग करतोय, गेली सहा-सात वर्षं हे मोबाईलवरचे स्विच पण बसवतोय आणि त्यातले निम्मे नंतर काढायला पण मलाच बोलवतात, म्हणून सांगतो, लोक सुरुवातच उलटी करतात. आधी मोबाईलवर काय काय चालतंय ते बघतात, मग घरात ते कुठं लावायचं ते शोधतात. तुम्ही चांगलं केलं, कोण काय विसरतंय ते आधी सांगितलं. तेच धरून चालू.

गेटचा दिवा. याला मोबाईल, वायफाय, ॲप काही लागत नाही. याला फोटोसेल लावा, दुकानात डे-नाईट सेन्सर म्हणून मागितला तरी देतात. अंगठ्याएवढा डोळा असतो, अंधार पडला की दिवा लावतो, उजाडलं की बंद करतो, बास. तीन वायरी असतात, एक फेज (करंट आणणारी), एक न्यूट्रल (करंट परत नेणारी) आणि एक दिव्याकडं जाणारी. कुठला रंग कशाला ते कंपनी-कंपनीप्रमाणं बदलतं, त्यामुळं सेन्सरवरचं किंवा डब्यावरचं चित्र बघूनच जोडायचं, अंदाजानं नाही. आणि बसवताना एकच गोष्ट सांभाळायची, त्या डोळ्याला त्याचाच दिवा दिसता कामा नये. नाहीतर काय होतं, अंधार पडला, दिवा लागला, डोळ्याला वाटलं उजाडलं, दिवा बंद, परत अंधार, परत दिवा, असं रात्रभर गेट डोळे मिचकावत बसतं. समोर खांबावर महापालिकेचा एलईडी असेल तर त्याच्याकडं पण पाठ करून बसवा. दिव्याच्या वरच्या बाजूला, आकाशाकडं तोंड करून, असं बसवलं की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो. सोलापूरच्या पूर्व भागात, जिथं गल्लीत यंत्रमागाचे कारखाने आहेत तिथं लूमचा कापूस उडून त्या काचेवर बसतो आणि दिवा दुपारी चारलाच लागायला लागतो, तिथं महिन्या-दोन महिन्यांनी फडकं मारावं लागतं. तुमच्याकडं धूळच काय ती.

मग टाइमर का नको, असं कोणीतरी विचारणारच. टाइमर वाईट नाही. पण आपल्याकडं नोव्हेंबरात पावणेसहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि जूनअखेर सात वाजून जातात, म्हणजे सव्वा तासाचा फरक, वर्षातनं चार-पाच वेळा वेळ बदलत बसावं लागणार. आणि ते गोल चकतीचे टाइमर येतात, पंधरा-पंधरा मिनिटांच्या ९६ पिना असलेले, त्यांच्या पोटात विजेवर चालणारी छोटी मोटर असते. लाईट दोन तास गेली की घड्याळ दोन तास थांबतं. लाईट आल्यावर ते तिथनं पुढं चालू होतं, म्हणजे तुमचा सातचा दिवा नऊला लागणार. उन्हाळ्यात आपल्याकडं लाईटचं काय होतं ते तुम्हाला पुण्यात राहून विसरायला झालं असेल, आम्हाला नाही. घ्यायचाच तर आत बॅटरी असलेला डिजिटल घ्या. त्यातले काही तर गावाचे अक्षांश-रेखांश टाकले की रोजची सूर्यास्ताची वेळ स्वतःच काढतात, सोलापूरसाठी साधारण १७.६६ उत्तर आणि ७५.९१ पूर्व. सोसायटीच्या पार्किंगला किंवा मंगल कार्यालयाला मी तेच लावतो. एका गेटला फोटोसेल पुरतो.

एक फायदा वरनं सांगतो. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत संध्याकाळी सगळं घर होम मैदानावर असतं, संक्रांतीच्या तोंडावर गल्लीच्या गल्ल्या रिकाम्या. अंधारी गेटं बरोबर उठून दिसतात. फोटोसेलवाल्या घराचं तसं होत नाही.

आता आईंचं. इथं लोक छतातल्या बल्बला सेन्सर लावून देतात आणि ते मला अजिबात पटत नाही. रात्री दोनला झोपेतनं उठलेल्या माणसाच्या डोळ्यावर ९ वॅटचा पांढरा बल्ब भप्पकन लागला तर तो उलट जास्त अडखळतो, शिवाय झोप उडते ती वेगळीच. पायाशी, जमिनीपासनं वीतभर उंचीवर, अर्ध्या-एक वॅटचा पिवळा दिवा पाहिजे. प्लगमध्ये खोचायचे सेन्सरवाले फूट लॅम्प मिळतात, कॉटजवळ एक, बाथरूमच्या दाराजवळ एक, काम झालं. वायरमन पण नको. बोर्ड वर असेल आणि खाली पॉइंट नसेल तर चार्जिंगचा चिकटवायचा घ्या, पण मग तो महिन्याला आठवणीनं चार्ज कोण करणार ते आधी ठरवा. वडील विसरतात हे तुम्हीच सांगितलंय.

सेन्सर कुठला घ्यायचा हे इथंच सांगून टाकतो कारण फसवणूक इथंच होते. एक येतो पीआयआर. तो माणसाच्या अंगाची उष्णता हलताना ओळखतो. आजूबाजूची भिंत आणि माणूस यांच्या तापमानात फरक असेल तर त्याला माणूस दिसतो. आता एप्रिल-मे मधे आपल्याकडं पारा ४२-४३ ला जातो, पश्चिमेकडची भिंत रात्री दहालासुद्धा तापलेली असते, माणसाचं अंग आणि भिंत जवळजवळ सारखीच गरम, मग हा आंधळा झाल्यासारखा करतो. लोक म्हणतात सेन्सर खराब निघाला. खराब नसतो हो, ऑक्टोबरात परत नीट चालतो. त्याला माणूस समोरनं सरळ चालत आलेला उशिरा कळतो, आडवा गेलेला पटकन कळतो, म्हणून वाटेच्या बाजूच्या भिंतीवर बसवायचा. दुसरा येतो मायक्रोवेव्ह, रडारवाला. याला उष्णतेशी काही घेणंदेणं नाही, लाटा सोडतो आणि हालचाल झाली की पकडतो. पण त्याच्या लाटा लाकडी दारातनं, पातळ भिंतीतनं आरपार जातात. शेजारच्या खोलीत कोणी कूस बदलली तरी इकडं दिवा. म्हणून बंद खोलीत, जिन्याखाली, गच्चीच्या टाकीपाशी हा चांगला, रस्त्याकडच्या भिंतीला नको. आईंच्या खोलीत पीआयआर पुरेल, खोलीत पंखा-कूलर असतो आणि फूट लॅम्पचं अंतर पण कमी असतं. फक्त कूलरच्या वाऱ्यात पडदा हलत असेल तर त्याच्यासमोर नको.

टाकीचा विषय निघालाच म्हणून. नळाला पाणी काही दिवसांआड, आणि ते कधी पहाटे तर कधी रात्री अकराला. हौदापाशी अंधारात मोटर लावायला, पाइप बदलायला जावं लागतं. तिथं एक सेन्सरचा दिवा लावला तर तुमचे वडील तुम्हाला जेवढा आशीर्वाद देतील तेवढा हॉलमधल्या रंगीत लाईटला देणार नाहीत. एवढंच बघा की दिवा उघड्यावर टिकणारा, पाणी न शिरणारा घ्यायचा.

जिना. इथं मी स्वतः एकदा तोंडावर पडलोय. जिन्यात टू-वे असतो, खालनं लावा वरनं बंद करा. एका घरी मी होल्डरमधे सेन्सरवाला बल्ब अडकवून दिला, स्वस्तात काम झालं म्हणून खुश. तिसऱ्या दिवशी फोन, बल्ब लागतच नाही. झालं काय, सेन्सर बल्बला कायम सप्लाय पाहिजे आणि टू-वेला चालू-बंदची खूणच नसते, जाता-येता सवयीनं कोणीतरी बटण दाबलं की बल्बचा सप्लाय गेला. घरात सहा माणसं, सगळ्यांना सांगून सांगून थकलो. टू-वेच्या आत मोबाईलवालं मॉड्यूल, म्हणजे बोर्डात बसणारी स्विचची छोटी डबी, घालायचं तर वेगळीच कटकट, फेज खालच्या बोर्डात येते, दिव्याकडं जाणारी वायर, जिला आम्ही हाफ म्हणतो, ती वरच्या बोर्डातनं निघते, आणि न्यूट्रल बऱ्याचदा दोन्हीकडं नसतो. म्हणून टू-वेला हात लावू नका. तो आहे तसा चांगला आहे. जिन्याच्या वळणावर जवळच्या प्लगच्या बोर्डातनं वेगळी लाईन ओढून एक छोटा सेन्सरवाला दिवा द्या, जुना आहे तिथं राहू दे.

आता राहिला हॉल आणि पोर्च, जे तुम्हाला पुण्यातनं बघायला, चालू-बंद करायला हवंय. इथं वायफाय येतं. दोन वाटा आहेत, स्मार्ट बल्ब किंवा बटणामागं बसणारं रिले मॉड्यूल (रिले म्हणजे त्याच्या आतलं, विजेनं चालू-बंद होणारं बटण). स्मार्ट बल्ब आई-वडिलांच्या घरात लावू नका, म्हणजे नकोच. कारण वर सांगितलं तेच, झोपताना वडील सवयीनं भिंतीवरचं बटण बंद करणार, बल्बचा सप्लाय तुटला की तुमचा मोबाईल काय करणार? मॉड्यूल बोर्डाच्या आत बसतं, भिंतीवरचं बटण पण चालतं आणि मोबाईल पण. माझा एकच नियम आहे, पाहुणा आला, त्याला काहीच माहीत नाही, त्यानं भिंतीवरचं बटण दाबलं आणि दिवा लागला, तर काम बरोबर झालं.

यात एक गंमत होते ती वडिलांना आधी सांगा. मॉड्यूल बसल्यावर बटणाला खाली म्हणजे चालू, वर म्हणजे बंद असं राहत नाही. तुम्ही मोबाईलवरनं दिवा बंद केलात तर बटण खालीच राहणार आणि दिवा बंद. परत लावायचा तर बटण वर करायचं. ज्या माणसानं साठ वर्षं बटण खाली करून दिवा लावला त्याला हे बघून वाटतं की वायरिंग बिघडली. माझ्या एका गिऱ्हाईकाचे वडील महिनाभर रोज मला फोन करायचे.

न्यूट्रलचं तुम्ही विचारलं नव्हतं पण खर्च तिथंच ठरतो. मॉड्यूलला स्वतःला जिवंत राहायला २३० व्होल्ट पाहिजेत, म्हणजे बोर्डात फेजबरोबर न्यूट्रल पण हवा. आपल्याकडं एक बरं आहे, बहुतेक बोर्डात बटणांबरोबर एखादा फाइव्ह पिन प्लग असतोच, आणि प्लग आहे म्हणजे न्यूट्रल आहे. नुसती बटणं असलेल्या बोर्डात नसतो. अशा ठिकाणी न्यूट्रल नको म्हणणारे स्विच येतात, ते दिव्यातनंच थोडा करंट चोरून चालतात, आणि त्यामुळं एलईडी बंद केल्यावर पण मिणमिणतो नाहीतर लुकलुकतो, मग त्याला होल्डरपाशी कपॅसिटर जोडावा लागतो. त्यापेक्षा प्लगच्या बोर्डातनं न्यूट्रल ओढून आणलेला बरा. मात्र त्याच लाईनचा. इन्व्हर्टरच्या लाईनला मेनचा न्यूट्रल उसना घेतला तर आरसीसीबी (करंट गळाला की सप्लाय तोडणारा स्विच) असलेल्या घरात तो सारखा पडत राहणार आणि कारण शोधता शोधता वायरमनचे दोन दिवस जाणार.

आणि ही गोष्ट मी जरा आवाज चढवूनच सांगतो. न्यूट्रल मिळाला नाही की काही जण अर्थिंगची हिरवी वायर न्यूट्रल म्हणून जोडून मोकळे होतात. मॉड्यूल चालतं, म्हणून कोणाला कळत नाही. पण कुठं अर्थिंग तुटलं तर त्याच वायरवर असलेल्या फ्रीजच्या, वॉशिंग मशीनच्या, गिझरच्या बॉडीला करंट येतो. असं जोडलेलं घर मी स्वतः दोनदा उघडलंय. काम झाल्यावर वायरमनला समोर उभं करून विचारा, हिरव्या वायरला काय जोडलंय. मेनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर मोबाईलवाल्या स्विचच्या आधी तो बसवून घ्या, पैसे कमी पडत असतील तर स्विच राहू द्या. आणि हे काम लायसन्सवाल्याकडनं.

पंखा, गिझर, मोटर या मॉड्यूलवर घालायची हाव करू नका. रिलेवर १० अँपिअर लिहिलेलं असलं तरी ते साध्या लोडचं असतं, मोटर चालू होताना कितीतरी पट करंट खेचते आणि रिलेचे पॉइंट चिकटून बसतात, मग बंद म्हटलं तरी बंद होत नाही. ढीगभर एलईडी एकाच रिलेवर टाकले तरी तसंच होतं. आणि बोर्डाचा डबा लोखंडी असेल तर मॉड्यूलचं वायफाय आतच अडकतं, प्लॅस्टिकची प्लेट असली तरी रेंज निम्म्यावर येते. बसवायच्या आधी मॉड्यूल डब्यात ठेवून नुसतं चालू करून बघा, मगच स्क्रू मारा. ही मॉड्यूल बहुतेक करून २.४ गीगाहर्ट्झच्याच वायफायवर चालतात. राउटर दोन्ही बँडला (२.४ आणि ५) एकच नाव देत असेल तर जोडताना तासभर डोकं खाजवावं लागतं, त्यावर उपाय एवढाच की २.४ ला वेगळं नाव द्या.

नेट बंद पडलं तर? भिंतीवरचं बटण चालणारच. मोबाईलवरनं पुण्यातनं चालणार नाही. वेळेवर लावायचं शेड्युल काही मॉड्यूल स्वतःच्या पोटात ठेवतात, काही कंपनीच्या सर्व्हरवर. घेतल्यावर राउटर काढून ठेवा आणि पाच मिनिटं पुढचं शेड्युल लावलेलं चालतंय का बघा, लगेच कळतं. पण पोटात ठेवणाऱ्यांची पण एक गोची असते, लाईट जाऊन आल्यावर आत्ता किती वाजले ते त्यांना नेटवरनंच विचारावं लागतं. लाईट आली आणि नेट आलंच नाही तर त्याला वेळच माहीत नाही, शेड्युल हुकलं. म्हणूनच गेटचा दिवा मी फोटोसेलवर ठेवा म्हणतोय. राउटर आणि ही मॉड्यूलं इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्या, आणि इन्व्हर्टर जुना स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे मेनसारखी स्वच्छ वीज न देणारा, असेल तर स्वस्तातली मॉड्यूलं त्यावर गुणगुणतात, गरम होतात, तिथं जरा बरं मॉड्यूल घ्या.

लाईट आल्यावर दिव्यानं काय करायचं ही सेटिंग ॲपमधे असते आणि ती कोणीच बघत नाही. माझ्याच घरी पहिल्यांदा स्मार्ट बल्ब लावले तेव्हा रात्री अडीचला लाईट आली आणि पाचच्या पाच बल्ब फुल्ल पांढरे लागले. बायको उठून बसली, म्हणाली हे ऑटोमॅटिक आहे का भूत. बल्बची कंपनीकडनं आलेली सवयच तशी असते, सप्लाय मिळाला की लागायचं. बेडरूमला बंद ठेवा, पोर्चला आधी होतं तसं.

अजून एक. ॲपचं खातं तुमच्या नंबरवर उघडायचं. घाईत वायरमन स्वतःच्या मोबाईलवर सगळं जोडून दाखवतो, पैसे घेऊन जातो, आणि तुमच्या घरातले दिवे कधी लागतात, कधी विझतात ते वर्षभर त्याच्या फोनवर दिसत राहतं. त्याच्या मनात काही नसलं तरी त्यानं फोन बदलला की तुम्ही अडकलात. मॉड्यूल रिसेट करायला लावून स्वतःच्या खात्यात घ्या, आणि राउटरचा पासवर्ड आल्यापासनं तोच असेल तर तो बदला.

झिग्बी, मॅटर वगैरे नावं तुम्ही ऐकली असतील, या वस्तू एकमेकांशी बोलतात त्या पद्धतींची ही नावं. झिग्बीला वेगळा हब, म्हणजे सगळ्यांना जोडणारी डबी लागते, पंचवीस-तीस पॉइंट असतील तर त्याला अर्थ आहे. मॅटर २०२२ मधे आलं, वेगवेगळ्या कंपन्यांच्या वस्तू एकत्र चालाव्यात म्हणून, चांगली गोष्ट आहे, पण चार दिव्यांसाठी त्याची वाट बघू नका.

आता वीज किती वाचेल, कारण सव्वा लाखवाल्यानं ते नक्की सांगितलं असणार. ९ वॅटचा बल्ब रात्री बारा तास जळाला तर महिन्याला सव्वातीन युनिट. सकाळी विसरून चार तास जास्त जळाला तर महिन्याला साधारण एक युनिट. वाचलं तर तेवढंच. उलट मॉड्यूल स्वतः चोवीस तास जागं असतं, एक वॅट धरला तरी महिन्याला पाऊण युनिट, अशी दहा लावलीत तर सात युनिट नुसती जागरणाची. गेटला ६० चा पिवळा बल्ब होता तेव्हा हिशोब वेगळा होता, २०१५ ला उजाला योजना आली, एलईडी स्वस्त झाले आणि तो विषय संपला. वाचवायचंच असेल तर गिझर बघा, २ किलोवॅटचा गिझर एक तास विसरला की दोन युनिट, तेवढ्यात तो गेटचा बल्ब नऊ दिवस रात्रंदिवस जळेल. म्हणून बिल कमी होईल या आशेनं यात पडू नका, आई पडू नये म्हणून करा.

क्रम असा ठेवा. या फेरीला फोटोसेल आणि आईंचे दोन फूट लॅम्प. दोन महिने जाऊ द्या. मग जिना आणि हौद. हॉल-पोर्चचं मॉड्यूल सगळ्यात शेवटी, आणि तोपर्यंत कदाचित तुम्हालाच वाटेल की पुण्यातनं हॉलचा दिवा लावून करायचंय काय.

पुढच्या वेळी आलात की वायरमनला बोलवून, मेन बंद करून, हॉलच्या आणि पोर्चच्या बोर्डाची प्लेट काढायला सांगा. काहीही सोडवायच्या आधी मोबाईलनं फोटो काढा, दोन बाजूंनी. आत काळ्या, म्हणजे सहसा न्यूट्रलच्या, वायरी किती, हिरवी आहे का, डबा लोखंडी का प्लॅस्टिकचा आणि मागं किती बोटं जागा आहे एवढं बघा. ते कळलं की कुठलं मॉड्यूल बसतंय ते सांगतो.